बूड एक सांगतं, काठ दुसरंच

माठ घेताना कुणी त्याच्या रंगावर जात नाही. बोटाच्या पेराने दोन ठिकाणी वाजवायचा, आत हात फिरवायचा, उलटा करून बूड पाहायचं आणि मगच भावाचं बोलायचं. काचेची जुनी फुलदाणी घेताना हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. लोक ती खिडकीकडे धरतात, रंगाला भुलतात, तळाशी काही कोरलेलं दिसलं की हरखतात आणि पैसे मोजून मोकळे होतात. डच काचेच्या बाबतीत ही घाई फार नडते. तिथे एकाच कारखान्यातून एकाच काळात तीन जातींचा माल बाहेर पडत होता, आणि तिन्हींच्या मागे एकच माणूस असू शकतो.

तो कारखाना लेर्डामचा. नेदरलँड्समध्ये उत्रेख्तच्या दक्षिणेला नदीकाठी वसलेलं हे छोटं गाव. कारखाना १८७८ सालचा, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं त्यात नवलाचं काही नव्हतं: पेले, वाट्या, सुरया. १९१२ साली कोखियस नावाचे गृहस्थ संचालक झाले आणि चक्र फिरलं. हा थिऑसॉफी या आध्यात्मिक पंथावर श्रद्धा असलेला माणूस. रोज हाताळायची वस्तूही सुंदर असावी, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी चक्क वास्तुविशारदांना काचेच्या कामाला लावलं. आधी दे बाझेल आले, मग आम्स्टरडामच्या शेअरबाजाराची इमारत बांधणारे बर्लाखे, आणि पुढे तर अमेरिकेतले फ्रँक लॉइड राइटही. राइटनी चित्रं पुष्कळ काढली, काचेत मात्र फारच थोडं उतरलं. कापडाच्या विणीसाठी नावाजलेल्या क्रिस लेबोनेही इथे काही वर्षं सुरेख काम केलं. महायुद्धात ज्यूंना खोटी कागदपत्रं करून दिल्याबद्दल तो पकडला गेला आणि १९४५ साली डाखाउच्या नाझी छावणीत मेला. त्याच्या पातळ काचेच्या, शांत घाटाच्या फुलदाण्या हातात घेताना ही गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

पण लेर्डाम म्हटलं की जे नाव आधी येतं ते कोपीरचं. अँड्रिस डिर्क कोपीर, जन्म १९०१, त्याच गावचा. १९१४ साली, जेमतेम तेरा वर्षांचा असताना तो कारखान्यात लागला आणि पन्नासहून जास्त वर्षं त्या भट्ट्यांभोवतीच राहिला. १९९१ साली गेला. कारखान्यात नळी मात्र तो स्वतः फुंकायचा नाही. फुंकणारे उस्ताद वेगळे; कोपीर शेजारी उभा राहून आकार सांगायचा, कुठे थांबायचं ते सांगायचा. त्यामुळे ‘कोपीरच्या हातची फुलदाणी’ असं कुणी विक्रेता म्हणाला तर ते ऐकून सोडून द्यावं.

आता त्या तीन जाती. १९२०नंतरच्या दशकात सुरू झालेली पहिली उनिका: एकच नग, भट्टीसमोर प्रयोग करत घडवलेला, बुडावर सहसा हाताने कोरलेलं लेर्डाम, उनिका, सही आणि एक अक्षर-क्रमांक. दुसरी सेरिका: उनिकातून सापडलेला एखादा घाट किंवा रंगाची करामत ठरावीक संख्येत पुन्हा केलेली. तिसरी सरसकट उत्पादनाची, साच्यात फुंकलेली किंवा दाबून काढलेली, दुकानात साध्या भावाने विकलेली. हिच्यावर बऱ्याचदा आम्लाने उमटवलेली इवलीशी नाममुद्रा असते, कधी नुसती कागदी चिकटपट्टी, आणि ती पहिल्याच धुण्यात निघून गेलेली. बाजारात गोंधळ होतो तो इथे. तिसऱ्या जातीची वस्तू घेऊन कुणी बुडावर ‘उनिका’ कोरलं की किंमत एकदम चढते. तिसरी जात कमअस्सल आहे असं मात्र मुळीच नाही. १९३०च्या आसपासचे कोपीरचे ग्रॅनिव्हर काचेचे निवडुंगाचे कुंडे दाबकामाचे आहेत, खरबरीत पोताचे, मंद रंगाचे. दहा उनिकांच्या गर्दीतही नजर त्यांच्यावरच जाऊन बसते.

खरं-खोटं ओळखायचं तर वस्तू कशी झाली हे डोळ्यांपुढे आणता आलं पाहिजे. हजार-अकराशे अंशांवर काच मधासारखी चिकट असते. लोखंडी पोकळ नळीच्या टोकावर ती गुंडाळून घेतात, लोखंडी पाट्यावर घोळतात, फुंकतात, पुन्हा भट्टीत धरतात, पुन्हा फुंकतात. फुलदाणीचं पोट तयार होतं तेव्हा ती नळीला तोंडाच्या बाजूने चिकटलेली असते. म्हणजे काठ करायला तोंड मोकळंच नाही. इथे दोन वाटा फुटतात. पहिली वाट: भरीव लोखंडी सळईच्या टोकाला काचेचा टिपूस घेऊन ती बुडाला चिकटवायची, वरून नळी तोडायची, आणि मोकळं झालेलं तोंड पुन्हा आगीत धरून काठ वळवायचा. शेवटी सळई टिचकी मारून सुटी करायची. बुडाशी तिचा व्रण राहतो, कधी खडबडीत, कधी घासून गुळगुळीत केलेला उथळ खळगा. दुसरी वाट: सळई लावायचीच नाही. फुलदाणी नळीवरून सुटी करून हळूहळू थंड करायची आणि मग तोंडाकडचा जास्तीचा भाग चिरून, घासून, चकाकी देऊन काठ करायचा. अशा वस्तूच्या बुडाला व्रण नसतो.

म्हणजे बूड आणि काठ ही एकाच गोष्टीची दोन टोकं झाली. बुडाला सळईचा व्रण असेल तर काठ आगीत वळलेला, गोलसर, ओठासारखा मऊ दिसायला हवा. बूड साफ असेल तर काठ सपाट, कापलेला, कडा किंचित मारलेल्या असा चालतो. बुडाला व्रण आणि काठ मात्र सपाट व तीक्ष्ण, असं दिसलं की थांबावं. याचा एक अर्थ फार वेळा खरा निघतो: काठाचा टवका उडाला होता आणि कुणीतरी तो अख्खा काठच दोन-चार मिलिमीटर घासून खाली आणला आहे.

डच बाजारात टवका झाकायला हा उद्योग इतका चालतो की काठावर जरा जास्तच वेळ घालवावा लागतो. नखाची कड काठावरून आतून बाहेर फिरवा. आगीत झालेल्या काठावर नख अडत नाही, घसरत जातं. घासलेल्या काठावर आत एक आणि बाहेर एक अशा दोन धारा लागतात. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तिरप्या उजेडात पाहिलं तर घासण्याच्या बारीक समांतर रेघा दिसतात. घाईत काम झालं असेल तर काठाची पट्टी बाकी काचेपेक्षा किंचित दुधाळ असते. डोळ्याच्या रेषेत टेबलावर ठेवून पाहा, काठ एका बाजूला झुकलेला दिसेल, कारण हाताने घासताना दाब सगळीकडे सारखा पडत नाही. गळा बाहेर वळत जाणारा असेल तर काठ घासल्यावर तोंडाचा व्यासही घटतो आणि घाट अर्ध्यावर तोडल्यासारखा वाटतो. घाटाचा तोल नजरेला खटकत असेल तर त्या खटकण्यावर विश्वास ठेवावा. अर्थात काही फुलदाण्यांचं बूड घासून व्रण पूर्ण नाहीसा केलेला असतो, आणि १९५०नंतरच्या, लेर्डामचाच रचनाकार फ्लोरिस मेइडाम याच्या काळातल्या जाड, जड घाटांना कापून चकाकी दिलेला काठ मुळातलाच असू शकतो. अशा वेळी जुन्या छायाचित्रासोबत दिलेली उंची आणि हातातली उंची फूटपट्टीने ताडून पाहणं एवढाच खरा उपाय.

आता बुडाची झीज. पन्नास-शंभर वर्षं फळीवर, टेबलावर, खिडकीत सरकलेल्या वस्तूच्या बुडावर ओरखडे असतात, पण ते फक्त टेकणाऱ्या कडेवर. आणि ते कसे? लांब-आखूड, खोल-उथळ, वाटेल त्या दिशेचे. सँडपेपरवर फिरवून म्हातारं केलेलं बूड एकाच रुंदीच्या, एकाच वळणाच्या रेघा दाखवतं. कधी तर मधल्या खळग्यातही ओरखडे दिसतात. जो भाग टेबलाला कधी लागूच शकत नाही तो झिजेल कसा?

सही सगळ्यात शेवटी पाहायची. टोकदार लेखणीने हाताने कोरलेल्या अक्षरांच्या कडांना बारीक कपच्या निघालेल्या असतात आणि खाचेत वर्षांचा करडा मळ बसलेला असतो. सही टेकणाऱ्या भागाजवळ असेल तर वापराचे ओरखडे तिच्यावरून गेलेले दिसतात. आधी सही, मग झीज, हा क्रम हवा. ओरखडे सहीपाशी येऊन तुटत असतील, म्हणजे सहीची खाच त्यांना कापून गेलेली दिसत असेल, तर सही नंतरची आहे. विजेच्या फिरत्या टोकाने कोरलेली अक्षरं पांढरीशुभ्र, पिठूळ, ठिपक्या-ठिपक्यांनी उड्या मारत गेलेली दिसतात. आम्लाची मुद्रा याहून वेगळी: कपच्या नाहीत, खोली जवळजवळ नाही, नुसता वाफ धरल्यासारखा मंद ठसा. तो शोधायला काचेवर तोंडाची वाफ सोडा. मुद्रा क्षणभर उठून दिसते.

सही नसणं हा काही दोष नाही. उलट सहीशिवायच्या चांगल्या वस्तू अजूनही जुन्या सामानाच्या दुकानांत, तिथल्या भाषेत क्रिंगलोपमध्ये, किंवा २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवशी रस्त्यांवर भरणाऱ्या खुल्या बाजारात मिळून जातात. अडचण आहे ती धुरकट करड्या किंवा निळसर जाड काचेची. असली प्रत्येक फुलदाणी तिथे ‘लेर्डाम’ म्हणून खपवली जाते. निम्म्या वेळा ती डेन्मार्कची, स्वीडनची, शेजारच्या बेल्जियमची नाहीतर चेक निघते. मास्ट्रिख्तच्या क्रिस्टालउनी कारखान्याचा मालही असाच लेर्डामच्या नावावर जातो. हा मोठा अन्याय आहे, कारण १९३०च्या आसपास तिथे रोझेन्दालने आणि पुढे मॅक्स फेर्बूकेटने केलेलं काम स्वतःच्या नावाने मिरवावं असं आहे.

विक्रेता ‘क्रिस्टल’ म्हणतो तेव्हा शिशाची काच आहे की साधी, हे घरी तपासता येतं. टिचकी मारून नाही. जाड फुलदाणी कुठलीही असो, ठणठणत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, पण पाच-सहा किलो पेलणारा. आधी फुलदाणी कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याची बादली ठेवून आकडा शून्यावर आणा. भाजीच्या जाळीच्या पिशवीत फुलदाणी घालून ती पाण्यात पूर्ण बुडवा, आतली हवा तिरपी करून काढा, बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हातात तोलून धरा. काट्यावर दिसेल तितके ग्रॅम पाणी तिने बाजूला सारलं. समजा कोरडं वजन १४८० ग्रॅम आणि बादलीचा आकडा ५९०, भागाकार २.५१, म्हणजे साधी सोडा-चुन्याची काच. आकडा ५०५ आला तर २.९३, म्हणजे शिशाची. युरोपच्या १९६९च्या नियमानुसार लेड क्रिस्टल म्हणवायला निदान २४ टक्के लेड ऑक्साइड आणि २.९० घनता लागते. साधी काच म्हणजे हलक्या दर्जाची वस्तू नव्हे, हेही लक्षात असू द्या. बरीचशी देखणी डच काच साधीच आहे. कागदी पट्टी शाबूत असेल किंवा अंगावर मोरपंखी झाक असेल तर हा प्रयोग करू नये.

त्या झाकेबद्दल थोडं. कोपीरच्या उनिकांत एक प्रकार आहे तडकलेल्या कथलाचा. तापलेल्या काचेवर कथलाच्या क्षाराची वाफ बसवली की धातूसारखी चमकणारी पातळ साय धरते. मग फुलदाणी पुढे फुंकली की काच ताणली जाते, साय ताणली जात नाही. ती फाटते आणि उन्हाने भेगाळलेल्या तळ्याच्या तळासारखी नक्षी उमटते. ही साय काचेच्या अंगातली नव्हे, अंगावरची आहे. लिंबू, व्हिनेगर, घासणी, सोडा यांपैकी काहीही तिला लागलं तर ती जागा कायमची बोडकी होण्याचा धोका. अशी फुलदाणी मऊ ब्रशाने झटकावी, फार तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाने टिपावी. पुसू नये.

साध्या फुलदाणीच्या आतला पांढरा थर मात्र दोन प्रकारचा असतो आणि घेण्याआधी तो ओळखणं भाग आहे. एक, पाण्याचा क्षार. दुसरा, काचेचं स्वतःचं झिजणं: ओल काचेतला अल्कली खेचून घेते, पृष्ठभाग खरवडल्यासारखा होतो. पहिला जातो, दुसरा जात नाही. दोन्ही ओलं केलं की बऱ्यापैकी दिसेनासे होतात, म्हणून काही जण आतून तेलाचा हात फिरवून ठेवतात. आत बोटाला गुंडाळलेला टिश्यू फिरवा, तेलकट आला तर ठेवून द्या. क्षार असेल तर एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर, साधारण १५ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून दोन-तीन तास भरून ठेवायचं. एकदाने भागलं नाही तर पुन्हा करायचं. चिंचेचा कोळही काम करतो, पण चोथा गळ्यात अडकतो आणि मग काढता पुरेवाट होते. राख, वाळू, तारेची घासणी यांचं नाव काढू नये. शेवटचं खळबळणं ऊर्ध्वपातित पाण्याने, म्हणजे पुन्हा डाग पडत नाहीत. चार वेळा करूनही ढग तसाच राहिला तर तो काचेतच आहे असं समजावं.

पाणी कोमट म्हणजे हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. जाड बुडाची फुलदाणी थंडीतून आणून तिच्यात गरम पाणी ओतलं तर आतली काच फुगते, बाहेरची फुगत नाही, आणि बुडाशी चंद्रकोरीसारखा तडा जातो. भांडी धुण्याच्या यंत्रात जुनी काच घालणारा माणूस तर संग्राहक नव्हेच.

काही काच जन्मतःच रोगी असते. मिश्रणात अल्कली जास्त आणि चुना कमी पडला तर वस्तू वर्षानुवर्षं घाम सोडत राहते. हाताला बुळबुळीत, साबणासारखी लागते, आणि पुढे बारीक भेगांचं जाळं पडतं. याला औषध नाही, फक्त पथ्य आहे: हवेतली आर्द्रता शक्यतो ४० ते ५५ टक्क्यांत, फार चढउतार न होऊ देता. आइंडहोवन-आम्स्टरडामला नोकरीनिमित्त राहून परतणारी आपली मंडळी अशा फुलदाण्या हौसेने घेऊन येतात आणि मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैत बंद काचेच्या कपाटात ठेवतात. तिथे आर्द्रता नव्वदीला टेकते. कॅमेऱ्याच्या भिंगाला पावसाळ्यात जी बुरशी धरते तीच इथेही धरते आणि तिचे मुळांसारखे डाग काचेत उतरतात. नव्या प्लायवुडच्या कपाटातून निघणाऱ्या आम्लवाफा त्यात भर घालतात. त्यापेक्षा उघडी फळी बरी. धूळ पुसता येते.

आणि ही फळी खिडकीत नको. पाण्याने भरलेली गोल फुलदाणी उन्हात भिंगाचं काम करते. पडदा, वर्तमानपत्र, लाकूड चटकवायला तिला अर्धा तास पुरतो. कोपीरच्या गोल घाटांना हे जास्तच लागू.

आणताना दोन खोकी वापरायची, एकात एक. दोन्हींच्या मध्ये चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर मऊ भर. फुलदाणीच्या पोटात कागद ठासून भरायचे नाहीत, सैल चुरगाळून घालायचे. ठासलेला कागद ओल धरून फुगला की आतून दाब देतो. काठावर थेट चिकटपट्टी नको. फोमची जाड चकती ठेवून मग गुंडाळायचं. वजन बुडावर येईल अशी उभी ठेवायची. आडवी ठेवली तर हादरा गळ्याला बसतो, आणि गळा हाच सगळ्यात पातळ. विमानात शक्य असेल तर हातातल्या सामानात घ्या. बुडावरची जुनी कागदी पट्टी टिकली असेल तर तिच्यावर आम्लरहित पातळ कागद ठेवा, बुडबुड्यांचं प्लास्टिक थेट लावू नका. उन्हाळ्यात त्याचे गोल वण पट्टीवर उमटतात आणि मग ते निघत नाहीत.